गाडीचं काम बिघडलं? गॅरेजवाल्याशी भांडायला जाण्याआधी या चुका टाळा

गॅरेजने काम बिघडवलं की माणसं एक तर मालकावर आरडाओरडा करून येतात, नाहीतर गुपचूप दुसऱ्या गॅरेजला गाडी टाकतात. पैसे ना असे परत मिळतात, ना तसे. मी बरीच वर्षं वर्कशॉपच्या काउंटरमागे सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून काढली. आता सोसायटीतले, नात्यातले आणि नातेवाइकांच्या ओळखीतले लोक आपापली बिलं घेऊन माझ्याकडे येतात. येतात तोवर बहुतेकांनी आपली बाजू आपल्याच हातांनी घालवलेली असते, आणि चुकाही त्याच त्या असतात.

परस्पर दुसरीकडे गाडी उघडणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, म्हणून आधी हीच.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी डिझेल गाडीचा क्लच बदलून घेतला. बिलावर ‘क्लच सेट’ लिहिलेलं, म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असं तिन्ही. काही आठवड्यांत क्लच दाबला की कर्रर्र आवाज यायला लागला, सोडला की बंद. आमच्या धंद्यातला कुणीही न उघडता सांगेल की संशय रिलीज बेअरिंगवर. पण बेअरिंग नवीन असेल तर इतक्यात ओरडेल कशाला?

यांनी गॅरेजला फोन केला. तिकडून उत्तर आलं, ‘नवीन क्लच आहे, थोडा आवाज करणारच, बसेल हळूहळू.’ हे चिडले आणि ऑफिसजवळच्या एका मेकॅनिककडे गाडी दिली. त्याने गिअरबॉक्स उतरवला. आत जुनंच बेअरिंग, ग्रीस सुकलेलं, तापून निळं पडलेलं. लबाडी उघड होती. यांनी मोबाइलवर त्या बेअरिंगचा फोटो काढला, नवीन बसवून घेतलं आणि जुनं तिथेच भंगारात टाकू दिलं. मग फोटो घेऊन पहिल्या गॅरेजला भांडायला गेले.

मालकाने आवाजसुद्धा चढवला नाही. एवढंच विचारलं, ‘साहेब, हे बेअरिंग तुमच्याच गाडीतून निघालं कशावरून?’

फोटोत फक्त बेअरिंग होतं. मागे ना नंबर प्लेट, ना गिअरबॉक्स. दुसऱ्या मेकॅनिककडे लेखी मागायला गेले तर तो म्हणाला, ‘तोंडी कितीही वेळा सांगतो, पण आमच्याच लाइनीतला माणूस आहे, लेखी नको.’ खेळ तिथेच संपला. एकाच कामाचे पैसे दोनदा गेले. गृहस्थ खरं बोलत होते, पण त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

माझी पद्धत अशी. आधी पहिल्या गॅरेजला लेखी कळवायचं. व्हॉट्सॲप चालतं, पण चॅट पुसायचं नाही आणि मेसेज आपोआप गायब होण्याची सोय बंद ठेवायची. मजकूर चार ओळींचा: अमुक तारखेला अमुक बिलाने हे काम केलं, तेव्हापासून हा त्रास आहे, गाडी कधी आणू. गाडी नेल्यावर नवीन जॉबकार्ड, म्हणजे गाडी घेताना तक्रारी लिहितात तो कागद, उघडायला लावायचं आणि त्यावर ‘रिपीट’, म्हणजे तीच तक्रार पुन्हा, हा शब्द लिहून घ्यायचा. अधिकृत वर्कशॉपमध्ये या शब्दाला फार घाबरतात, कारण रिपीट जॉबचा हिशेब वरपर्यंत जातो. म्हणून ॲडव्हायझर गोड बोलून तीच तक्रार नवीन म्हणून टाकायला बघतो. त्याच्या गोड बोलण्याला भुलू नका, मीही त्याच खुर्चीत बसलेलो आहे.

त्यांनी हात वर केले, तरच दुसरीकडे जायचं. जाण्याआधी आणखी एक मेसेज: ‘अमुक तारखेला, अमुक ठिकाणी गाडी उघडणार आहोत, तुमचा माणूस हजर ठेवा.’ ते येत नाहीत, पण आपण बोलावलं होतं याची नोंद राहते. उघडताना व्हिडिओ न थांबवता काढायचा. आधी नंबर प्लेट, मग मीटरवरचं किलोमीटर, मग खालून गिअरबॉक्स, मग बाहेर येणारा पार्ट आणि त्यावरचा नंबर. जुना पार्ट पिशवीत घालून घरी आणायचा. बायको ओरडेल, ओरडू दे.

लेखी अभिप्राय मात्र शेजारच्या मेकॅनिककडून मागू नका. विम्याची कामं करणारे परवानाधारक सर्व्हेअर असतात, ते फी घेऊन तपासतात आणि सहीशिक्क्याचा अहवाल देतात. ती फी लोकांच्या फार जिवावर येते. जिल्हा ग्राहक आयोगापुढे तोच अहवाल टिकतो.

रोगाचं नाव स्वतःच सांगणं

हल्ली चार व्हिडिओ बघून आलेला प्रत्येक जण काउंटरवर येऊन सांगतो, ‘क्लच बदला’, ‘एसीत गॅस भरा’, ‘शॉकॲब्झॉर्बर बदला’. ॲडव्हायझर मनातल्या मनात हसतो आणि जॉबकार्डवर तुमचेच शब्द उतरवतो. झालं, त्याची सुटका झाली. खड्ड्यातला खडखडाट सस्पेन्शनमधल्या लिंक रॉडचा होता आणि शॉकॲब्झॉर्बर बदलून काहीच फरक पडला नाही, तरी तो म्हणणार, ‘तुम्ही सांगितलं ते केलं.’ आणि ते खरंच असतं. निदान तुमचं होतं, त्याने फक्त पाना फिरवला.

एसीचं तर रोजचंच. गॅस हवेत विरत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, कंडेन्सरला, एखाद्या पाइपला किंवा ओ-रिंगला. जॉबकार्डवर ‘गॅस भरणे’ लिहिलं की गळती शोधण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात परत तोच गॅस, परत तेच बिल.

म्हणून लक्षण लिहून घ्या, तेही बारकाव्यानिशी. ‘एसी चालू केल्यावर दहा मिनिटं गार, मग गरम हवा.’ ‘कात्रजच्या घाटात दुसऱ्या गिअरला गाडी ओढत नाही, इंजिन नुसतं ओरडतं.’ ‘डावीकडून, फक्त स्पीडब्रेकरवर, टक्क आवाज.’ शेवटी एवढं जोडा: ‘कारण शोधून दुरुस्त करणे.’ आता निदान त्यांचं. चुकलं तर दोष त्यांच्या दारात. शक्य असेल तर ॲडव्हायझरला शेजारी बसवून एक चक्कर मारा आणि आवाज त्याच्या कानावर घाला. गाडी सोडताना दहा मिनिटं जास्त जातात. घाई असेल तर त्या दिवशी गाडी टाकूच नका.

कच्च्या चिठ्ठीवर काम

मजुरीवरचा 18 टक्के जीएसटी वाचवायला ‘कच्च्यात करा’ म्हणायचं आणि नंतर पक्कं भांडायचं, हे जमत नाही. यूपीआयने रक्कम दिल्याचं दिसतं, ती कशासाठी दिली ते दिसत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे बिल न देणं हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा आहे, पण बिल नको असं तुम्हीच म्हणाला असाल तर ते कोणत्या तोंडाने सांगणार? बिलावर पार्टचं नाव, नंबर आणि मजुरी वेगवेगळी हवी. ‘सस्पेन्शन काम’ असं मोघम लिहून खाली एक आकडा टाकलेलं बिल मी तरी परत करतो.

बाकीच्या फुटकळ, पण महागात पडणाऱ्या:

जुने पार्ट मागून न घेणं. काम सुरू होण्याआधीच सांगा, नंतर ते ‘भंगारवाला घेऊन गेला’ असतात.

तापमानाचा काटा वर गेलेला असताना ‘गॅरेजपर्यंत तर नेऊ’ म्हणून गाडी हाणणं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं सील, त्यांनी वाईट बसवलं असेलही, पण हेड वाकलं ते तुम्ही चालवल्यामुळे, असं ते म्हणणार आणि ऐकणाऱ्याला पटणारही. जागेवर थांबा, टो करून न्या, टोची पावती जपा.

विम्याच्या कॅशलेस कामात चक्कर न मारता ‘काम समाधानकारक’वर सही ठोकणं.

चेक देऊन मागाहून बँकेत स्टॉप पेमेंट करणं. चेक परतीचं कलम 138 तुमच्याच मागे लागू शकतं. फिर्यादी व्हायला निघालेला माणूस आरोपी होऊन बसतो.

बिल न भरता डुप्लिकेट चावीने गाडी काढून आणणं. मेहनत आणि कसब लावून केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क करार कायद्याच्या कलम 170 ने गॅरेजला दिलेला आहे. वाद असला तरी पैसे भरा, बिलाच्या दोन्ही प्रतींवर ‘कामाबद्दलची तक्रार राखून रक्कम भरत आहे’ असं लिहून सही करा आणि गाडी बाहेर काढा. गाडी तुमच्या ताब्यात असली की घाई त्यांना होते.

आरटीओत तक्रार घेऊन जाणं. काम कच्चं झालं याचा निवाडा आरटीओ करत नाही. पोलीस चौकीतही ‘दिवाणी बाब आहे’ ऐकून परत याल.

पहिल्याच दिवशी ‘ग्राहक कोर्टात खेचतो’

ही धमकी गॅरेजवाल्याने इतक्यांदा ऐकलेली असते की तो चहा पीत पीत ऐकतो. एक तारा देऊन नेटवर शिव्या लिहिल्या की गडी आणखी आडमुठा होतो, आणि तुमच्या शब्दांचीच कात्रणं त्याच्या उत्तराला जोडतो.

पायऱ्या धरून जा. आधी मालकाला, आणि अधिकृत वर्कशॉप असेल तर गाडीच्या कंपनीलाही ईमेल. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे निकाल लागत नाही, पण मोठ्या कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीला उत्तर देतात. कोपऱ्यावरचं गॅरेज बहुधा देत नाही. मग पंधरा दिवसांची मुदत देऊन नोटीस, स्पीड पोस्टने, पोच जपून. वकिलाचीच नोटीस हवी असं नाही. साध्या मराठीत स्वतः लिहिलेली, तारखा आणि रकमा स्पष्ट असलेली नोटीस मला जास्त आवडते.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. ‘बघू, बघू’ करत ही मुदत घालवणारेही मी पाहिलेत. 5 लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार आता ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. कोल्हापुरात काम केलं आणि तुम्ही पुण्यात राहता, तर पुण्यातही दाखल करता येते. 2019 च्या कायद्याने ही मोठी सोय केली. टॅक्सीवाल्यांनी लक्षात ठेवा: धंद्याच्या गाडीला ‘व्यापारी हेतू’ म्हणून हरकत घेतली जाते, पण स्वयंरोजगारातून पोट भरायला स्वतः गाडी चालवत असाल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. तसं तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा.

कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच, असं म्हटलेलं आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, तेवढी तयारी ठेवा. आणि चौदा हजारांच्या बिलासाठी मानसिक त्रासाचे पाच लाख मागू नका. कामाचे पैसे, दुसऱ्यांदा केलेल्या दुरुस्तीचं बिल, टो, सर्व्हेअरची फी, त्या दिवसांचं रिक्षाभाडं आणि तक्रारीचा खर्च मागा. प्रत्येकाला कागद जोडा.

बरीच भांडणं नोटीस गेल्यावर तडजोडीवर येतात. ‘मजुरी घेत नाही, पार्टचे अर्धे द्या’ असं काहीतरी पुढे येतं. पार्ट खरंच नवीन आणि ओरिजिनल बसत असेल, तर मी लोकांना हे घ्यायला सांगतो. फक्त काय काय बदलणार आणि त्यावर किती महिने किंवा किती किलोमीटरची वॉरंटी, हे गॅरेजच्या लेटरहेडवर आधी लिहून घ्या. ‘आता काही तक्रार नाही’चा कागद ते चावीबरोबरच पुढे सरकवतात. तो घडी करून खिशात ठेवा, आठवडाभर गाडी चालवा, एखादा घाट चढून या, आणि मग सही करा.