गीझरचा थर्मोस्टॅट घरीच बदलायचा असंल तर

परभणी-हिंगोलीकडं डिसेंबर लागला की पहाटे पारा दहाच्या खाली जातो, अन गीझर नेमका त्याच दिवसात मान टाकतो. मिस्त्रीला फोन करावा तर तो उद्या येतो म्हणतो, अन आलाच तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की लाईट तोडणारा पार्ट, काढून दोन वायरी एकमेकाला जोडून गीझर "डायरेक्ट" करून देतो. पाणी तापायलंय म्हणून आपण पण खुश. पण डायरेक्ट केलेला गीझर तापायचा थांबतच नाही, कोणी बंद करायचं विसरलं की पाणी उकळून आत वाफ धरते, अन आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं सेफ्टी व्हॉल्व्ह जाम झालेला असला तर टाकी फुटूही शकते. थर्मोस्टॅट दोन-तीनशे रुपयांत मिळतो, त्याच्यासाठी एवढा जुगाड कामून करायचा? हे सगळं १० ते २५ लिटरच्या टाकीवाल्या विजेच्या गीझरबद्दल आहे बरं का. गॅस गीझरचा कारभार येगळा, त्याला हात लावू नका.

पहिली गोष्ट लाईटची. नुसतं बटन बंद करून भागत नाही, जुन्या घरांत कधीकधी बटन न्यूट्रलवर बसवलेलं असतं, म्हणजे बटन बंद तरी गीझरात फेज, म्हणजे जिवंत करंट, हजर. एमसीबी (बोर्डातला खटका) पाडा, थ्री पिन असंल तर ती पण उपसून ठेवा. अन लाईट गेलीय तोवर उरकून घेऊ असं तर अजिबात करू नका, लोडशेडिंगची लाईट कधी येईल याचा काय भरवसा. टेस्टरवर विसंबू नका, मल्टिमीटर घ्या, साधा चालतो. कव्हर उघडलं की फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्हीकडं बघा, तिन्ही शून्य आलं की मगच हात घाला.

उभ्या गीझरचं कव्हर खालून असतं, दोन-तीन स्क्रू. ते काढल्या काढल्या मोबाईलवर दोन-चार फोटो मारून ठेवा, अन प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नंबर टाका. आत मुख्य चीजा तीनच. एलिमेंट म्हणजे कॉईल, थर्मोस्टॅट म्हणजे नॉबला जोडलेला डबा ज्याच्यातून बारीक तांब्याची नळी निघून पुढं काडीसारखा बल्ब असतो, अन थर्मल कटआऊट. काही गीझरात नळीच्या जागी सरळ रॉडवाला थर्मोस्टॅट असतो. थर्मोस्टॅट रोजचं काम करतो, पाणी तापलं की तोडतो अन गार झालं की परत जोडतो. कटआऊट त्याच्यावरचा राखणदार, थर्मोस्टॅट चिकटला अन पाणी हद्दीबाहेर तापलं तर तो तोडतो, अन बऱ्याच मॉडेलात बारकं बटन दाबल्याशिवाय परत जोडत नाही. म्हणून नवीन पार्ट आणायच्या आधी गार गीझरवर ते बटन दाबून बघा. टक् आवाज आला अन गीझर चालू झाला तरी विषय संपत नाही, कटआऊट पडला कामून ते शोधावंच लागतं.

आता खराबी नेमकी कशात हे बघू. एलिमेंटच्या दोन्ही वायरी काढून मीटर ओहमवर लावा. २००० वॉटच्या कॉईलला २६ ओहमच्या आसपास यायला पाहिजे, ३००० वॉटला साडेसतरा. काहीच दाखवीना तर कॉईल तुटली, थर्मोस्टॅट बदलून उपयोग नाही. एलिमेंटचं एक टोक अन टाकीची बॉडी यांच्यात मीटरनं काहीच दाखवू नये, दाखवलं तर कॉईल लीक आहे, करंट बॉडीत उतरतोय. आरसीसीबी (करंट लीक झाला की लाईट तोडणारा खटका) सारखा पडत असंल तर पहिला संशय इथंच घ्या. कॉईल बरोबर निघाली तर थर्मोस्टॅटच्या वायरी सोडून दोन टर्मिनलवर मीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग असला की बीप देतो ते सेटिंग) लावा. गार थर्मोस्टॅट बीप द्यायला पाहिजे. नॉब फुल केला तरी मुका, तर तो गेला. उलट पाणी उकळायलंय अन कटआऊट घडीघडी पडायलाय तर समजा आतले कॉन्टॅक्ट चिकटलेत, हा पण बदलायचाच.

नवीन आणताना जुना पार्ट सोबत न्या, नुसतं कंपनीचं नाव सांगून दुकानदार जवळपासचं काहीतरी हातात देतो. अंगावरचा आकडा बघा, १६ अँपिअर २५० व्होल्ट किंवा त्याच्या वर. टर्मिनल तेवढेच पाहिजेत, नळीची लांबी अन बल्बची जाडी पण तीच.

बल्ब पाण्यात बुडलेला नसतो, कोरड्या नळीत बसवलेला असतो, म्हणून टाकी रिकामी करायची गरज पडत नाही. जुना हळूच ओढून काढा, नवा शेवटपर्यंत आत सरकवा. हे नीट करा, कारण बल्ब अर्धवट बाहेर राहिला तर त्याला पाणी आहे त्यापेक्षा गार वाटतं अन तो उशिरा तोडतो. नळीला कडक मोड देऊ नका, चेपली की थर्मोस्टॅट वाया, अन तिला कोणत्याच टर्मिनलला शिवू देऊ नका.

वायरिंगचा क्रम साधारण असा, फेज आधी कटआऊटला, तिथून थर्मोस्टॅटला, तिथून एलिमेंटच्या एका टोकाला, अन न्यूट्रल दुसऱ्या टोकाला. काही गीझरात कटआऊट दोन पोलचा असतो, तो फेज-न्यूट्रल दोन्ही तोडतो, तिथं माझं ऐकू नका, आपला फोटो बघा. रंगावर पण जाऊ नका, जुन्या घरात ज्याला जी वायर घावली ती त्यानं ओढलेली असते. वायरीचं टोक काळं पडलं असंल तर चांगलं तांबं लागेपर्यंत कापा अन नवीन लग (टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबून बसवा, उगं पिळा मारून टेप गुंडाळू नका. २००० वॉटला पावणेनऊ अँपिअर करंट जातो, एवढ्यावर ढिला स्क्रू तापून जळतो. हिरवी वायर टाकीच्या बोल्टला घट्ट पाहिजे. अन आपल्याकडं उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात तेव्हा अर्थिंगचा खड्डा पण कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी सोडत जा.

चालू करायच्या आधी गरम पाण्याचा नळ उघडून सलग धार येते का बघा. नळाला आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हे लई महत्त्वाचं, वरची टाकी कोरडी अन गीझर रिकामा असला तर नवीन पार्टसकट कॉईल जळंल. मग कव्हर लावा, एमसीबी वर करा, नॉब मधोमध ठेवा. पाणी तापलं की टक् होऊन हीटिंगचा दिवा आपोआप विझला पाहिजे, पहिल्या वेळी तेवढा वेळ तिथंच थांबा. दिवा विझंना अन पाणी कढत निघालं तर लगेच बंद करून बल्ब परत तपासा. बल्ब जाग्यावर असून पण कटआऊट पडायलाय तर बहुतेक कॉईलवर क्षाराचा जाड थर बसलाय, मग टाकी रिकामी करून एलिमेंट बाहेर काढावं लागंल, अन ते काम गॅस्केटसकट माहितगार माणसाकडूनच करून घ्या.