नखं कापताना कुत्रा चावतो? आधी कटर बाजूला ठेवा

चावण्याआधी कुत्रा बरंच काही सांगून झालेला असतो. पंजा ओढतो, ओठ चाटतो, उगाच जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, अंग ताठ होतं, मग गुरगुर. गुरगुरण्यावर ओरडू नका. ओरडलात तर तो गुरगुरणं सोडतो, चावणं नाही.

आजवर शांत असलेला कुत्रा अचानक चावू लागला, तर आधी पशुवैद्यांकडे न्या. बोटांच्या बेचक्यातली गोचीड किंवा सांधेदुखी असेल, तर शिकवणी वायाच जाते.

उकडलेलं बिनमिठाचं चिकन किंवा पनीर घ्या, वाटाण्याएवढे 15-20 तुकडे. जेवणाआधीची वेळ बरी. फरशी गुळगुळीत असेल तर खाली रबरी मॅट टाका.

आधी स्पर्श, मग खाऊ. हा क्रम उलटला की खाऊ दिसताच कुत्रा पलंगाखाली जातो. खांद्याला हात लावा, तुकडा द्या. मग कोपर, मग पंजा, मग एक बोट हलकं दाबून नख पुढे आणणं. रोज 2-3 मिनिटं पुरेत. हात लागताच तो खाऊसाठी तुमच्याकडे बघू लागला, तरच पुढची पायरी. पंजा ओढला तर सोडून द्या आणि दोन पायऱ्या मागे या.

कटरचीही ओळख अशीच: नुसता दाखवा, मग नखाला टेकवा. ‘कट्’ आवाजाची सवय व्हावी म्हणून त्याच्याजवळ कच्ची स्पॅगेटी कापा. मग एका दिवशी एकच नख.

पांढऱ्या नखात गुलाबी नस दिसते, ती टाळायची. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून 1-1 मिलिमीटरच्या चकत्या काढा आणि कापलेल्या भागाच्या मधोमध गडद ठिपका दिसला की थांबा. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा. बोथट कटर नख कापत नाही, चिरडतो. पुष्कळ कुत्र्यांची भीती तिथूनच सुरू होते. अंगठ्याचं नख विसरू नका, ते जमिनीवर घासत नाही आणि वळून मांसात रुततं.

आधी चावलेला कुत्रा असेल तर बास्केट मझल, म्हणजे जाळीचं मुसकं, वापरा. त्यात तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत. तोंड आवळणारा कापडी पट्टा नको, कारण कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. मझलच्या आत थोडं दही लावून रोज चाटायला द्या. तो आपणहून तोंड घालू लागला की मगच बक्कल.

चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा, कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

नखं आजच कापणं भाग असेल, तर चौघांनी दाबून धरू नका. महिन्याची मेहनत एका दुपारी जाते. ते काम पशुवैद्यांवर सोपवा, ते कुत्र्याला गुंगीचं औषध देऊन करतील; शिकवणी घरी चालू ठेवा.