शाळेतील शिक्षकाचे पद वाचवण्यासाठी पालकांनी आणि शिक्षकांनी काय करावे

जिल्हा परिषदेच्या शाळेतील एखादे पद कमी झाल्याचे गावाला बहुधा गुरुजींच्या हातात समायोजनाचा, म्हणजे जादा ठरलेल्या शिक्षकाला दुसऱ्या शाळेत पाठवण्याचा, आदेश पडल्यावरच कळते. मग पालक गोळा होतात, शाळेला कुलूप ठोकले जाते, अधिकारी आश्वासन देऊन जातात आणि पंधरवड्यात सारे शांत होते. पद मात्र त्याच्या कितीतरी आधी, ३० सप्टेंबरच्या पटावरच गेलेले असते. त्यामुळे ज्यांना खरोखर विरोध करायचा आहे त्यांनी तो जुलैमध्ये, शाळेच्या कार्यालयातील नोंदींपासून सुरू केला पाहिजे.

संचमान्यता, म्हणजे शाळेला किती पदे मंजूर होणार याचा हिशेब, ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर होतो आणि त्यात आधार वैध ठरलेले विद्यार्थीच धरले जातात. वर्गात रोज बसणारे मूल, आधारवरील नाव किंवा जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळत नाही म्हणून हिशेबातून गळते. माझ्या माहितीतल्या एका वाडीवरच्या शाळेत पट ६२ होता, पण तीन मुलांचे आधार अवैध दाखवत होते. त्यांतील दोघी बहिणींच्या आधारवर वडिलांच्या नावाऐवजी आजोबांचे नाव पडले होते, तर तिसऱ्या मुलाचे जन्मवर्ष चुकले होते. त्यांच्या आया मजुरी बुडवून दोनदा तालुक्याच्या आधार केंद्रावर गेल्या, तेव्हा कुठे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ६२ चा आकडा पूर्ण झाला. शाळा व्यवस्थापन समितीने जुलैच्या बैठकीतच मुख्याध्यापकांकडून अवैध आधारांची यादी मागून घ्यावी आणि प्रत्येक नावामागे एका सदस्यावर जबाबदारी टाकावी.

या तीन मुलांना एवढे महत्त्व का, हे बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत दिसते. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० साठी तीन, ९१ ते १२० साठी चार शिक्षक, असा तो तक्ता आहे. कलम २५ म्हणते की हे प्रमाण प्रत्येक शाळेत राखले गेले पाहिजे. अधिकारी जिल्ह्याची किंवा तालुक्याची सरासरी सांगू लागले, तर ‘प्रत्येक शाळेत’ या शब्दांवर बोट ठेवावे. त्याचप्रमाणे कलम २६ नुसार शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत. दोनशिक्षकी शाळेत एक जागा रिकामी असली तरी ते प्रमाण ५० टक्के होते, ही गोष्ट निवेदनात आकड्यानिशी लिहावी.

वरच्या वर्गांची अवस्था अधिक बिकट आहे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीत २० पेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या शाळांना त्या वर्गांसाठी शिक्षकाचे पदच न देण्याचा निकष आणला आणि शिक्षक संघटनांनी त्याला ठाम विरोध केला. मूळ कायद्यात मात्र या वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक अपेक्षित आहे. १०० पेक्षा अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकही द्यावे लागतात. चित्रकलेचा आणि खेळाचा तास गेला तर पालक सहसा गप्प बसतात. ते चुकीचे आहे, कारण हे विषयही त्याच अनुसूचीत आहेत आणि त्यांची मागणी त्याच निवेदनात यायला हवी.

कागद हाती आल्याशिवाय वाद घालू नये. माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून शिक्षणाधिकारी (प्राथमिक) कार्यालयाकडे मागील तीन वर्षांच्या संचमान्यतेच्या प्रती, ज्या पटसंख्येवर त्या झाल्या तिची प्रत आणि तालुक्यातील रिक्त पदांची शाळानिहाय यादी मागावी. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. त्या काळात समितीचा ठराव करून घ्यावा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करणे हे तिचे कायदेशीर काम आहे, म्हणून ‘आराखड्यातील पुढील कामे या पदाशिवाय होऊ शकत नाहीत’ असे ठरावात स्पष्ट नमूद करावे. तोच विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडून इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि इतिवृत्ताची नक्कल जपून ठेवावी. गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी या तिघांना निवेदन देताना प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये.

शिक्षकांवर वर्तणूक नियमांचे बंधन असते, याचे भान पालकांनी ठेवावे. गुरुजींनी आकडे, नियम आणि जुने आदेश समजावून द्यावेत, स्वतःची बाजू संघटनेमार्फत मांडावी, पण गावच्या निवेदनावर सह्या पालकांच्याच असाव्यात. अन्यथा सगळा प्रश्न ‘शिक्षकाला बदली नको आहे’ एवढ्यावर आणून बाजूला सारला जातो आणि मुलांचे नुकसान चर्चेतून निघून जाते.

आंदोलनाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: शाळेला कुलूप लावू नये. त्या दिवसांचा अभ्यास आपल्याच मुलांचा बुडतो, आणि वैतागलेले दोन-चार पालक मुलांची नावे काढून खासगी शाळेत घालतात, म्हणजे पट आणखी घसरतो. त्याऐवजी पोलिसांची रीतसर परवानगी घेऊन पालकांनी पंचायत समितीसमोर धरणे धरावे आणि शेजारच्या चार-पाच गावांच्या समित्यांना सोबत घ्यावे. एका शाळेचा अर्ज बाजूला ठेवणे सोपे असते, पण एका केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, सगळ्या समित्या एकाच दिवशी दारात उभ्या राहिल्या तर अधिकाऱ्यांना बोलावेच लागते.

निवेदनांना दाद मिळाली नाही तर याच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करावी. तिच्यावर म्हणणे ऐकून घेऊन तीन महिन्यांत निर्णय देणे बंधनकारक आहे आणि त्यापुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रारीत कलमे, पटसंख्या, मंजूर व कार्यरत पदे आणि एक शिक्षक चार वर्ग सांभाळत असतानाचे खरे वेळापत्रक जोडावे. सोमवारी पहिल्या तासाला कोणता वर्ग शिक्षकाविना बसतो, हे त्या एका कागदावर दिसते.

एवढे करूनही समायोजनाचा आदेश निघालाच, तर त्याच दिवशी एक अर्ज द्यावा: पर्यायी शिक्षक प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत सध्याच्या शिक्षकांना कार्यमुक्त करू नये. हा अर्ज दुसऱ्या दिवशी दिला तर गुरुजी तोपर्यंत नव्या शाळेत हजर झालेले असतात.