पुरात रात्री होडी ओढून आणायची तर

मृग लागला की आमच्याकडं होड्या तपासायला घेतात. इंजिन, लाइफ जॅकेट, दोर सगळं बघतात, दिव्यांचं मात्र राहूनच जातं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकायच्या आत हे काम उरकून घ्या. ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की साधे सेल आणायलाही सवड मिळत नाही.

आधी रंग. होडीत पुढं तोंड करून बसलं की उजव्या हाताला हिरवा, डाव्या हाताला लाल. मोटारीची होडी १२ मीटरपेक्षा लहान असेल तर याच्या जोडीला चौफेर दिसणारा एक पांढरा दिवा पुरतो. तो काठीवर, उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर बांधा, नाहीतर उजेड चालवणाऱ्याच्याच डोळ्यांत जातो. दिवस मावळल्यावर होडी घाटावर ठेवून एकाला भोवती फेरी मारायला लावा. समोरून लाल-हिरवा दोन्ही दिसले पाहिजेत, मागून रंग अजिबात दिसता कामा नये. वल्ह्याच्या होडीत, अगदी होडीसारख्या वापरलेल्या गुऱ्हाळाच्या काहिलीतसुद्धा, पांढऱ्या उजेडाची बॅटरी हाताशीच हवी. १९७२ च्या समुद्री नियमांतल्या या खुणा आहेत. २०१९ च्या पुरात इथं आलेल्या नौदलाच्या जवानांना त्याच कळतात, म्हणून आपणही त्याच पाळाव्यात.

आता चालवणाऱ्याचा हात. समोर लाल आणि हिरवा एकदम दिसले म्हणजे होडी थेट आपल्यावर येतेय. रस्त्यावरच्या सवयीनं आपण डावीकडं सरकतो. पाण्यावर दोघांनीही उजवीकडं वळायचं असतं. इंजिनाचा दांडा डावीकडं ढकलला की होडी उजवीकडं जाते. घाईत हे उलटं होतंच, म्हणून नव्या पोरांकडून उजेडी दहा-वीस वेळा करून घ्या. वळताना भोंगाही द्या : उजवीकडं जाताना एक छोटा, डावीकडं दोन, इंजिन उलटं फिरवताना तीन. समोरच्याचा इरादा कळत नसेल तर भराभर पाच.

सगळ्यात जास्त वेळ ओढण्याच्या तयारीला द्या. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या इंजिनाच्या पंख्यात कुंपणाची तार गुंतली आणि दुसऱ्या होडीनं आम्हाला दोर लावला. दोन्हींवर दिवे होते. तिसऱ्या होडीला वाटलं, दोघी वेगवेगळ्या चालल्यात, आणि ती मधून घुसली. दोर तिच्यातल्या म्हाताऱ्या आजींच्या छातीला लागला. आजी वाचल्या, पण तो ओला, काळा दोर आमच्यापैकी एकालाही दिसला नव्हता.

समुद्रावर ओढणाऱ्या जहाजाला पुढं एकावर एक दोन पांढरे दिवे असतात, त्याच्या मागच्या टोकापासून ओढलेल्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी २०० मीटरच्या वर गेली की तीन, आणि मागं पांढऱ्याच्या वर पिवळा. मागच्या होडीलाही स्वतःचे लाल-हिरवे आणि मागचा पांढरा लागतो. आपल्या होडीवर एवढं जमणार नाही, पण अडचणीतल्याला ओढणाऱ्या साध्या होडीला नियमानं वाट ठेवलीय : दोरावर झोत टाकायचा. त्यासाठी एक माणूस वेगळा नेमा, त्याच्याकडं दुसरं काम देऊ नका. दोर पांढरा घ्या, दर दोन हातांवर चमकणारी पट्टी गुंडाळा. आणि दोर बांधतो त्या कडीशेजारी कोयता सुतळीनं अडकवून ठेवा. मागची होडी बुडायला लागली तर गाठ सोडत बसायला वेळ नसतो.