तोलेदोचं कॅथेड्रल बघायचं तर

माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून गाडी अर्ध्या तासात तोलेदोला पोचवते. तिकीट आदल्या दिवशीच काढा. शहर उंच टेकडीवर आहे. आईचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही पासेओ दे रेकारेदोजवळच्या सरकत्या जिन्यांनी वर गेलो. वर गोटे बसवलेले चढउतार आहेतच, तेव्हा बूट मऊ तळाचे घाला.

रविवारची सकाळ टाळा, तेव्हा प्रार्थना असते. ऊन असलेला दिवस निवडा, कारण १२२६ मध्ये बांधायला घेतलेल्या या कॅथेड्रलमध्ये मुख्य वेदीच्या मागे 'त्रान्स्पारेन्ते' ही संगमरवरी शिल्पांनी भरलेली वेदी आहे. तिच्यावर उजेड पडावा म्हणून ती घडवणाऱ्या नार्सिसो तोमेने छतालाच भोक पाडलं. काम १७३२ मध्ये पूर्ण झालं. या वेदीकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहा, मग मागे वळून वर बघा. संगमरवरी देवदूतांवरून ऊन खाली उतरताना आईने नकळत हात जोडले.

गायकवृंदाच्या लाकडी आसनांसमोर वाका. खालच्या रांगेत ग्रानादाच्या मोहिमेचे, म्हणजे स्पेनच्या ख्रिस्ती राजाराणीने ग्रानादाचं मुस्लिम राज्य जिंकलं त्या लढाईचे, ५४ प्रसंग कोरलेत. एकेका किल्ल्याची वेस, शिड्या, घोडे बोटभर अंतरावरून दिसतात. माझा पाऊण तास इथेच गेला आणि मला तो कमीच वाटतो.

थडग्यांवर छतापासून लोंबणाऱ्या लाल टोप्या कार्डिनलांच्या, म्हणजे पोपखालोखालच्या वरिष्ठ धर्मगुरूंच्या आहेत. त्या झिजून पडेपर्यंत तशाच ठेवतात. साक्रिस्तीत, म्हणजे धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीत, चित्रकार एल ग्रेकोचं 'एल एस्पोलिओ' हे चित्र चुकवू नका, त्यातल्या लाल झग्यावरून नजर हटत नाही.

बाहेर पडल्यावर मार्झिपान घ्या. बदाम आणि साखर, आपल्या बदामवडीची सख्खी बहीण.