मावा, वाण आणि ढालकिडे: प्रबंधाचा विषय निवडताना

कीटकशास्त्रात एमएस्सीला आलेले विद्यार्थी दरवर्षी विचारतात, प्रबंध प्रतिकारक वाणावर करू की किडी खाणाऱ्या मित्रकीटकांवर? मी सांगतो, दोन्ही एकत्र घ्या आणि पीक करडई घ्या. रब्बीत तिच्यावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, हमखास येतो.

माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते. ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा कीटक), सिरफिड माशीच्या अळ्या असे मावा खाणारे मित्रकीटक जमेपर्यंत शेंडे काळे झालेले असतात. मध्यम प्रतिकारक वाणावर पिल्लं कमी होतात, उशिरा वाढतात आणि मित्रकीटकांना तेवढी सवड मिळते. पूर्ण प्रतिकाराच्या मागे लागू नका. खायला मावाच नसेल तर ढालकिडा कशाला थांबेल? शिवाय एकाच जनुकावर भिस्त ठेवली की त्यावर तगणारा मावा पुढे येतो. अमेरिकेत माव्याला रोखणाऱ्या राग-1 जनुकाचं सोयाबीन बाजारात येण्याआधीच ओहायोत तसा मावा सापडला होता.

वाण निवडताना त्याचा प्रतिकार कोणत्या प्रकारचा आहे ते आधी पाहा. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी 1951 मध्ये तीन प्रकार मांडले: किडीला झाड नकोसं वाटणं, झाडावर तिची वाढ खुंटणं आणि कीड असूनही झाडानं तग धरणं. सोलापूरचा भीमा हा करडईचा वाण माव्याला सहनशील मानतात, म्हणजे तिसरा प्रकार. तिथे मावा कमी दिसला नाही म्हणून वाण फसला असं लिहू नका. उत्पादन तोला, मग बोला.

आता शेतातलं काम. मोजणी शेंड्याच्या वरच्या 5 सेंटिमीटरवर करा, मावा आणि मित्रकीटक एकाच वेळी. करडई काटेरी असते, जाड हातमोजे घ्या. मित्रकीटकांना दूर ठेवायला झाडावर जाळी घातली की आत वारा कमी होतो, ऊब वाढते आणि मावा त्यानेही वाढू शकतो. म्हणून तीच जाळी, पण बाजू उघड्या, असा आणखी एक गट ठेवाच. परीक्षक इथेच पकडतात! सगळे वाण एकाच दिवशी पेरा, कारण उशिरा पेरलेल्या करडईवर मावा मुळातच जास्त असतो. शेजारच्या रानात फवारणी कधी आहे तेही विचारून ठेवा.

फुगलेला, तपकिरी, न हलणारा मावा म्हणजे ममी. आत इवल्या गांधीलमाशीची अळी वाढत असते. मोजताना ममी जिवंत माव्यात धरू नका. अशा ममी कुपीत ठेवून बाहेर काय येतं ते पाहा. कधी कधी त्या गांधीलमाशीवरच जगणारी दुसरी निघते, आणि तीही नोंदवायची असते.

पुढे याच कामात राहायचं असेल तर कृषी विद्यापीठांसोबत बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडेही लक्ष ठेवा. मित्रकीटक ओळखता येणारी माणसं तिथे लागतात.