अकरावीला जर्मन ठेवू की सोडू?

दहावीचा रिझल्ट लागला की अकरावीच्या फॉर्मच्या गडबडीत हा प्रश्न येतोच, आठवीपासून जर्मन केलंय (फ्रेंच, जपानी काहीही धरा), आता पुढे ठेवायचं की सोडून मराठी नाहीतर आयटी घ्यायचं. आणि सल्ला ठरलेला, "स्कोअरिंग आहे, घेऊन टाक".

आधी स्ट्रीम बघा. सायन्स करून इंजिनिअरिंगला जायचं असेल तर अ‍ॅडमिशन सीईटी नाहीतर जेईईवर होते, सेकंड लँग्वेजमध्ये ९५ पडले काय आणि ७० पडले काय, तिथे सहसा कोणी विचारत नाही, मग स्कोअरिंगचं काय घेऊन बसलात, तुमचा प्रश्न वेळेचा आहे. बायफोकल (म्हणजे व्होकेशनल विषय) घेतलं तर सेकंड लँग्वेज तशीही जातेच. कॉमर्स-आर्ट्सचं वेगळं आहे, बऱ्याच ठिकाणी एफवायची सीट बारावीच्या टक्क्यांवर मिळते आणि ६०० पैकी १०० मार्क या भाषेचे, तिथे जमत असेल तर ठेवा, फार डोकं लावू नका.

मग कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा की लेक्चर खरंच होतात का. यादीत भाषा असते पण शिकवायला कोणी नाही असंही होतं, आणि इंटिग्रेटेडवाल्यांना (कॉलेज नावापुरतं, शिकवणी कोचिंग क्लासमध्येच) तर कॉलेजचं तोंडही फारसं दिसत नाही, म्हणजे गाईड आणून घोकंपट्टी. सीनियर मुलांना विचारलंत तर जास्त खरं कळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याला येतं किती? शाळेच्या पेपरातले मार्क बाजूला ठेवा. गोएथे इन्स्टिट्यूटच्या (जर्मन शिकवणारी, परीक्षा घेणारी संस्था) साईटवर ए१ चा (ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत्या पातळ्या असतात, ए१ सगळ्यात खालची) नमुना पेपर ऑडिओसकट फुकट आहे, घड्याळ लावून सोडवा. शंभरात ६० ला पास. लिहायचं जमतं पण ऐकायच्या भागात काहीच कळत नाही असं बऱ्याच जणांचं होतं, कारण शाळेत व्याकरण आणि धड्याखालची उत्तरं यापलीकडे फारसं काही होत नाही. जपानीवाल्यांनी जेएलपीटी (जपानीची परीक्षा) एन५ चा, म्हणजे सगळ्यात सोप्या पातळीचा, पेपर बघा, फक्त त्यात बोलायची आणि लिहायची परीक्षाच नसते हे लक्षात ठेवा.

जर्मनीला शिकायला जायचं डोक्यात असेल तर नीट वाचा. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही हे खरं (बाडेन-व्युर्टेमबर्गसारखे अपवाद आहेत), पण जर्मन माध्यमातल्या बॅचलर्सला साधारण सी१ लागतं, आणि बारावीनंतर स्टुडिएनकोलेगला (युनिव्हर्सिटीआधीचा तयारीचा कोर्स) जायचं तरी बी१-बी२ मागतात. गोएथेच्याच हिशोबाने बी१ पर्यंत ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात. कॉलेजच्या लेक्चरवर तिथे पोचणं मला तरी अवघड वाटतं. म्हणजे विषय ठेवा नाहीतर सोडा, बाहेर क्लास लावावाच लागणार. पुण्यात मॅक्समुल्लर भवन (म्हणजे गोएथेच), फ्रेंचसाठी अलियाँस फ्राँसेज, शिवाय रानडे इन्स्टिट्यूट आहेतच. उलट विषय सोडून तोच वेळ तिथे दिला तर जास्त फायदा, असं माझं मत.

आणि भाषा मुळातच आवडत नसेल, तीन वर्षं फक्त आईबाबांनी सांगितलं म्हणून रेटली असेल, तर सोडा बिनधास्त.

अजूनही ठरत नसेल तर फॉर्ममध्ये भाषा ठेवा आणि विषय बदलायची शेवटची तारीख ऑफिसातून आजच विचारून घ्या, कारण मधेच सोडणं जमू शकतं, सोडलेली भाषा बारावीला परत घेणं फार कटकटीचं.